सव्वा लाखाचं होम थिएटर बावीस हजारांत

गेल्या दिवाळीनंतर माझे २२,००० रुपये गेले. ते परत मिळतील अशी आशा मी सोडली आहे. पण ज्या गाडीवाल्यांनी मला गाठलं ते अजून कुठल्या तरी रस्त्यावर फिरत असणार, म्हणून घडलं तसं सगळं लिहिते आहे.

आमचे अण्णा ७९ वर्षांचे. सांगलीच्या माणसाला नाटकाचं वेड वेगळं सांगावं लागत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच पहिला खेळ केला. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, भावे नाट्यमंदिरात हजर राहायचं हा अण्णांचा कित्येक वर्षांचा नेम होता. गुडघ्यांनी तो मोडला. आता ते घरीच टीव्हीवर जुनी नाटकं बघतात आणि दर पाच मिनिटांनी विचारतात, "काय म्हणाला गं तो?"

दोष एकट्या त्यांच्या कानांचा नाही. टीव्ही पातळ होत गेले तसे आतले स्पीकरही बारीक झाले, आणि बहुतेक टीव्हीत त्यांचं तोंड खाली किंवा मागच्या भिंतीकडे असतं. आवाज वाढवला की मागचं संगीत अंगावर येतं, बोलणं मात्र गुळमुळीतच राहतं. ऑक्टोबरात मला भिशी लागली, २५,००० हातात आले, आणि यातून अण्णांसाठी चांगला आवाज घ्यायचा असं मी ठरवलं.

गणपती पेठेतल्या एका दुकानदाराने मला अर्धा तास दिला. त्याने आधी हॉलचं माप विचारलं. १२ बाय १०. मग सोफ्याच्या मागे काय आहे ते विचारलं. मागे दार आहे. "मग ताई, पाच स्पीकरच्या मागे लागू नका," तो म्हणाला. "५.१ मध्ये दोन स्पीकर बसणाऱ्याच्या दोन्ही अंगांना, जरा मागे लावावे लागतात. तुमचा एक दारात येणार. काकांना बोलणं कळायला हवंय ना? मग मधला स्पीकर असलेलं काहीतरी घ्या." नाटक-सिनेमाच्या ५.१ ध्वनीत संवाद बहुतेक मधल्या स्पीकरलाच दिलेले असतात, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. त्याने ३.१ साउंडबार दाखवला: डावा, उजवा, मधला आणि खाली ठेवायचा एक वूफर. एचडीएमआय केबल आणि भिंतीवर लावायचा खर्च धरून १९,००० च्या आत. मी कोटेशन घेतलं, सोमवारी येते म्हटलं.

दुकानातून निघाले ती कोटेशन हातात घेऊनच. पार्किंगपाशी एक पांढरी बंद गाडी उभी होती. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र असा एक तरुण पुढे आला. "ताई, होम थिएटर बघताय का? दोन मिनिटं ऐका, घेऊ नका."

त्याची हकीकत अशी. पुण्याहून कोल्हापूरच्या एका हॉटेलला चार सेट पोचवायचे होते, गोदामातून चुकून पाच चढले. पाचवा परत नेला तर कंपनीचा, इथं विकला तर त्या दोघांचा. त्याने गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक दाखवलं, फोनवर कंपनीची वेबसाइट उघडली. खोक्यावर एमआरपी १,२४,९९० छापलेली. नाव एका नामांकित परदेशी कंपनीसारखं, फक्त एका अक्षराचा फरक. तो ४५,००० वर होता, मी नको नको म्हणत राहिले, तो खाली येत राहिला. शेवटी २२,०००.

या हकीकतीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. तो उघड सांगत होता की माल त्याचा नाही, मालकाला न कळवता तो विकतोय. आणि मला स्वस्त पडतंय म्हणून ते मला चाललं. चोरीचा माल खोटा कसा असेल, असंच माझ्या मनाने धरलं. पण त्या गोष्टीचा खरा उपयोग नंतर होतो. फसलेला माणूस तक्रार करायला निघाला की त्याच्या मनात येतं, पोलिसांना काय सांगू? गोदामातला जास्तीचा माल मी जाणूनबुजून घेतला? मी अकरा दिवस गप्प बसले ते यामुळेच. यजमानांना मी एका ओळखीच्या दुकानातून घेतलं असं सांगितलं होतं. हे लिहिताना अजून लाज वाटते, पण लिहिलं नाही तर पुढच्या माणसालाही तीच लाज गप्प बसवेल.

गाडीत त्यांनी आवाज ऐकवला. दरवाजे ओढून घेतले आणि धडधड वाजणारं काहीतरी लावलं. छाती हादरली. बंद, लहान जागेत खालचे सूर मुळातच फुगून येतात, त्यामुळे तिथं कुठलाही डबा दणदणीत वाटतो. माणसाचं बोलणं त्यांनी एकदाही ऐकवलं नाही, आणि ज्यासाठी घरातून निघाले होते तेच ऐकवा म्हणायचं मलाही सुचलं नाही. खोकं जड होतं, दोघांनी मिळून रिक्षात चढवलं. पैसे मी यूपीआयने दिले. समोर कंपनीचं नाव न येता एका बाईचं नाव आलं. "अकाउंटवाल्या मॅडम आहेत," तो म्हणाला.

घरी जोडलं. अण्णा सोफ्यावर सरसावून बसले. नाटक सुरू झालं आणि पाचही बाजूंनी तेच, विहिरीतून यावं तसं. अण्णांनी बराच वेळ ऐकलं. माझा हिरमोड होऊ नये म्हणून म्हणाले, "मोठा आहे आवाज." थोड्या वेळाने हळूच रिमोट घेऊन त्यांनी टीव्हीचाच आवाज लावला.

अकराव्या दिवशी मिरजेच्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे सगळं घेऊन गेले. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव, तिथली माणसं आवाजाला हलक्यात घेत नाहीत. त्यांनी वूफरची मागची फळी उघडली. आत तळाला फरशीचा तुकडा स्क्रूने आवळलेला होता. जडपणा आला होता तो त्याचा. प्रत्येक लहान स्पीकरच्या तोंडावर तीन गोल दिसत होते, त्यातल्या एकालाच वायर होती, बाकीचे दोन नुसते प्लास्टिकचे. चुंबक दोन रुपयांच्या नाण्याएवढं.

मग त्यांनी मला मागचं लेबल वाचायला लावलं. खोक्यावर १५,००० वॅट पीएमपीओ, लेबलवर बारीक अक्षरात ८० वॅट. "घरातला लहान प्लग ६ अँपिअरचा. २३० व्होल्ट गुणिले ६, १,३८० वॅट झाले. त्यातून १५,००० कुठनं येतील?" पीएमपीओ हा आकडा मोजायची कुठलीही ठरलेली पद्धत नाही, छापणारा हवा तो छापतो. बघायचा तो आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी ताकद, आणि तोही शंका आली तर लेबलवरच्या वॅटशी ताडून. यंत्र जेवढी वीज घेतं त्याहून जास्त सतत बाहेर देऊ शकत नाही.

शिवाय एवढे वॅट लागतातही कुणाला? साधा बरा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देतो. वॅट दुप्पट केले की तीनच डेसिबल वाढतात. घरात आपण साधारण सत्तरच्या आसपास ऐकतो. आमच्या १२ बाय १० च्या हॉलला काही वॅट पुष्कळ झाले, असं त्यांनी सांगितलं तेव्हा गणपती पेठेतला तो दुकानदार आठवला. त्याने वॅटचा विषयच काढला नव्हता.

तिसरी गोष्ट जोडणीची. त्या सेटला लाल-पांढऱ्या दोन पिनांशिवाय काहीच नव्हतं, एचडीएमआय नाही, ऑप्टिकल नाही. दोन पिनांतून डावा आणि उजवा एवढे दोनच आवाज येतात. त्यांनी फक्त डावीकडचा आवाज लावून बघितला, तर पाचही स्पीकर तेच बोलायला लागले. मधला स्पीकर हा फक्त मध्ये ठेवलेला स्पीकर होता.

आणि ती एमआरपी. मी इतकी वर्षं समजत होते की छापील किमतीमागे कुणाची तरी तपासणी असते. तसं नाही. ती किंमत माल बनवणारा किंवा आयात करणारा स्वतः ठरवतो. कायदा एवढंच सांगतो की त्याहून जास्त घेऊ नका. १,२४,९९० छापायला शाई लागते, बस. उलट खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-साल आणि तक्रारीसाठी संपर्क असणं बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर यातलं काहीही नव्हतं. पावतीवरचा जीएसटी क्रमांक मी घरी मोजला, १४ अक्षरं भरली. खरा १५ चा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. हे तिथंच उभ्याउभ्या फोनवर दोन मिनिटांत झालं असतं.

दुरुस्तीवाल्यांकडून निघाले आणि तिथूनच १९३० ला, म्हणजे ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, पण अकरा दिवसांत खात्यातले पैसे पुढे गेले होते. पहिल्या काही तासांत फोन आला तर रक्कम मध्येच अडवता येण्याची शक्यता असते. पोलीस ठाण्यात फसवणुकीचा अर्ज दिला, तिथं मला चोरीचा माल घेतला म्हणून कुणी दरडावलं नाही. ज्या भीतीने मी गप्प होते ती भीती तिथं कुणाच्या डोक्यातही नव्हती. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही बोलले. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे फक्त एका बाईचं यूपीआय नाव आणि बंद पडलेला फोन नंबर आहे.

यजमानांना त्याच रात्री खरं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर."

फेब्रुवारीत पुन्हा गणपती पेठेत गेले, तोच ३.१ साउंडबार घेतला. या वेळी अण्णांना रिक्षाने बरोबर नेलं आणि दुकानात त्यांच्याच एका नाटकाचा प्रवेश लावायला सांगितला. वॅट कुणी विचारले नाहीत. अण्णा डोळे मिटून बसले होते. प्रवेश संपल्यावर म्हणाले, "हं. आता कळतंय."

जुना सेट माळ्यावर आहे, पोलिसांनी मागितला तर लागेल म्हणून. फरशीचा तुकडाही त्याच खोक्यात ठेवलाय.