नैसर्गिक रबरात स्किम क्रेप: पावसाळा-उन्हाळा दोन्ही पाहिल्यावरचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत आमचं रबर मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. गोठ्यातल्या मॅट, ट्रॉलीचे बंपर, दरवाजाचे स्टॉपर, मशीनखालचे पॅड असा आमचा माल. मूळ रबर आरएसएस-४, म्हणजे धुरात वाळवलेल्या शीटची चौथी प्रत. काही केरळातून येतं, काही दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या बागांतून. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून या शीटमध्ये स्किम क्रेप, म्हणजे चीक घट्ट करताना उरलेल्या पातळ पाण्यातून काढलेलं रबर, मिसळायला सुरुवात केली. आता सगळे ऋतू पाहून झालेत, तेव्हा ज्यांना स्किम घ्यावं की नाही असा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो. स्किमला स्वस्तातलं शीट समजून वापरलं तर माल बिघडेल. तो वेगळ्या स्वभावाचा कच्चा माल आहे आणि त्याच्यासाठी फॉर्म्युला वेगळाच लिहावा लागतो.

त्याचा स्वभाव कळायला तो कुठून येतो ते पाहावं लागतं. हातमोजे, फोम, रबरी धागा यांच्यासाठी साधारण ६० टक्के रबर असलेला घट्ट चीक लागतो. बागेतल्या चिकात रबर असतं ३० ते ४० टक्के. तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की मोठे, हलके कण घट्ट भागात जातात आणि उरलेल्या पातळ पाण्यात चार-सहा टक्के रबर शिल्लक राहतं, तेही अगदी बारीक कणांचं. हेच स्किम. त्यात सल्फ्युरिक आम्ल घालून रबर गोठवतात, धुतात, रोलरमधून काढून क्रेप, म्हणजे खडबडीत पातळ पट्टे, करतात. आम्लामुळे रबराबरोबर पाण्यातली प्रथिनंही गोठतात, आणि बारीक कणांच्या पृष्ठभागावर प्रथिनं आधीच जास्त असतात. चांगल्या शीटमध्ये नायट्रोजन अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. ठोकळा रबराच्या आयएसएनआर या भारतीय प्रमाणित प्रतींना तर ०.६ टक्क्यांची मर्यादाच आहे. स्किममध्ये तो दीड ते अडीच टक्क्यांपर्यंत जातो.

हा आकडा खरेदी करणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवा. नायट्रोजनला ६.२५ ने गुणलं की प्रथिनांचा अंदाज येतो. म्हणजे नायट्रोजन २ टक्के असेल तर १०० किलो मालात साडेबारा किलो प्रथिनं. पैसे १०० किलोचे मोजायचे आणि रबर मिळणार ८५-८७ किलो. शिवाय प्रथिनं रबरापेक्षा जड. आपण कच्चा माल किलोवर घेतो आणि स्टॉपर नगावर विकतो, त्यामुळे त्याच मोल्डमध्ये थोडं जास्त वजन जातं. दरातला फरक शीटच्या दहा-बारा टक्क्यांच्या आत असेल तर माझ्या हिशेबाने स्किम घेण्यात काही अर्थ नाही. फरक मोठा असेल तेव्हाच हा विषय सुरू होतो.

आता मिलवरचा, म्हणजे रबर मळणाऱ्या दोन रोलरच्या यंत्रावरचा, अनुभव. क्रेप दिसायला फिकट आणि स्वच्छ असतो. चीक सेंट्रिफ्यूजमधून गेलेला असल्याने धूळ-कचरा जवळपास नसतो, आणि या बाबतीत तो आमच्या शीटपेक्षा उजवा आहे. पण गाठ (बांधलेला गठ्ठा) कडक असते, आणि गोदामात पडून राहिली तर आणखी कडक होते. शीट आणि स्किम एकदम मिलवर टाकलं की शीट आधी मऊ होतं आणि स्किमचे दाणे तसेच राहतात. ते दाणे मॅटच्या पृष्ठभागावर स्पष्ट दिसतात. म्हणून आता स्किम आधी एकटं चावून घेतो, पट्टा गुळगुळीत झाला की मगच शीट घालतो. मिक्सिंगची वेळ वाढते, विजेचा खर्चही वाढतो. तोही हिशेबात धरा.

ओलाव्याची गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रथिनं हवेतलं पाणी ओढतात. जुलै-ऑगस्टमध्ये गाठी नुसत्या पडून राहिल्या की पांढरी बुरशी येते आणि वास असा सुटतो की मिलवरची माणसं तक्रार करतात. ती तक्रार रास्त आहे, त्या जागी एक्झॉस्ट पंखा हवाच. ओला माल जाड मोल्डिंगमध्ये गेला तर आत फुगे धरतात, बंपर कापल्यावर मधे जाळी दिसते. गाठीचे तुकडे करून रात्रभर गरम खोलीत ठेवायला लागल्यापासून तो त्रास थांबला. गाठी जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवाव्यात आणि पावसाळ्याचा साठा करू नये.

आता क्युअरिंग, म्हणजे उष्णता आणि सल्फरने रबर पक्कं करणं. स्किमचा खरा गुण आणि खरा धोका दोन्ही इथेच आहेत. प्रथिनं आणि त्यांच्यातून तयार होणारी अमाइन द्रव्यं स्वतःच अॅक्सिलरेटरचं, म्हणजे क्युअरिंगचा वेग वाढवणाऱ्या द्रव्याचं, काम करतात. त्यात भर म्हणजे कमी अमोनियाचा चीक टिकवण्यासाठी अनेक ठिकाणी टीएमटीडी (हाही एक अॅक्सिलरेटरच) आणि झिंक ऑक्साइड घालतात, त्याचाही अंश स्किममध्ये उतरतो. आमचं कंपाउंड (रबराचं मिश्रण) साधं आहे: सल्फर, सीबीएस (अॅक्सिलरेटर), झिंक ऑक्साइड, स्टिअरिक आम्ल, टीडीक्यू (रबर लवकर जुनं होऊ न देणारं द्रव्य), एफईएफ जातीची काजळी आणि चायना क्ले. शंभर भाग रबरात २५ भाग स्किम घातलं तेव्हा १५० अंशांवर रिओमीटरवरचा (क्युअरिंगचा आलेख काढणारं यंत्र) स्कॉर्च टाइम, म्हणजे रबर कडक व्हायला लागेपर्यंतची वेळ, जवळपास एक तृतीयांशाने कमी झाला. एप्रिल-मेच्या उकाड्यात कंपाउंड शीट ठेवल्या ठेवल्याच कडक व्हायला लागते. सीबीएस कमी केलं, पीव्हीआय (अकाली क्युअरिंग रोखणारं द्रव्य) किंचित घातलं, सल्फर सगळ्यात शेवटी आणि थंड मिलवर द्यायला लागलो, तेव्हा काम स्थिर झालं. हे जमल्यावर फायदाही मिळाला. स्टॉपरचं प्रेसवरचं सायकल छोटं झालं आणि एका पाळीत निघणारे नग वाढले. महाग अॅक्सिलरेटरही कमी लागतो.

तयार मालाचे गुण बघितले तर चित्र मिश्र आहे. हार्डनेस (कडकपणा) आणि मॉड्युलस (ताणायला लागणारा जोर) वाढतात. प्रथिनांचे कण काही अंशी फिलरसारखं, म्हणजे भरीच्या पावडरीसारखं, काम करतात, त्यामुळे शोअर ए (हार्डनेसचं माप) दोन-तीन अंकांनी वर जातो आणि तेवढी काजळी कमी करता येते. ताणशक्ती थोड्या स्किममध्ये फारशी घटत नाही. तुटेपर्यंतचं ताणलं जाणं मात्र कमी होतं, आणि ७० अंशांच्या ओव्हनमध्ये आठवडाभर ठेवल्यावर जास्त स्किमवाले नमुने साध्या शीटच्या नमुन्यांपेक्षा लवकर थकतात. आम्ल नीट धुतलेलं नसेल तर हा फरक आणखी वाढतो. त्यासाठी आम्ही क्रेपचे बारीक तुकडे डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पीएच पट्टी बुडवतो. पट्टी आम्लाकडे झुकली तर तो लॉट परत.

मशीनखालच्या पॅडबाबतीत मी ठाम आहे: स्किम घालूच नका. सतत वजनाखाली राहणाऱ्या रबरात प्रथिनं असली की ते हवेतला ओलावा घेतं आणि हळूहळू दबत जातं. याच कारणासाठी मलेशियात प्रथिनं काढून टाकलेलं नैसर्गिक रबर इंजिनिअरिंगच्या कामांसाठी बनवलं गेलं. आपण नेमकं उलटं करून प्रथिनं वाढवायची आणि पॅड वर्षानुवर्षं उंची धरून राहील असं म्हणायचं, हे ग्राहकाशी बरं नाही. आमच्या चाचणीतल्या स्किमच्या पॅडचा कॉम्प्रेशन सेट (दाब काढल्यावरही राहणारा दबलेपणा) कोरड्या दिवसांत ठीक होता. पावसाळ्यात तेच पॅड जास्त बसले.

गोठ्याच्या मॅटवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण आमच्या भागात दुधाचा धंदा घरोघरी आहे आणि ही मॅट शेतकरी कष्टाच्या पैशातून घेतो. मॅट दिवसातून दोनदा धुतली जाते, वर मूत्र आणि शेण, खाली ओली फरशी. वेगवेगळ्या प्रमाणाच्या मॅट ओळखीच्या गोठ्यांत टाकून ठेवल्या आणि तुकडे कारखान्यात पाण्यात बुडवून वजन करत राहिलो. स्किम जितकं जास्त, तितकं पाणी जास्त ओढलं गेलं. दहा-पंधरा भागांपर्यंत फरक नगण्य होता आणि मॅट आहे तशी सपाट राहिली. चाळीस भागांची मॅट खालच्या बाजूने फुगून कडेला उचलली, आणि उचललेल्या कडेत गाईचा खूर अडकू शकतो. दर कितीही उतरला तरी मॅटमध्ये पंधरा भागांच्या वर मी जाणार नाही.

स्टॉपर आणि ट्रॉली बंपर यांना स्किम मानवतं. कोरडी जागा, अधूनमधून बसणारा धक्का, कडकपणा हवाच असलेला माल. तिथे ३० ते ४० भाग बिनधास्त चालतात. हाताच्या ग्रिप किंवा लहान मुलांच्या वस्तूंत मात्र घालत नाही. लॅटेक्सची अॅलर्जी प्रथिनांमुळेच होते, आणि क्युअर झालेल्या मालात ती कितपत बाहेर येतात याची खात्री करण्याची सोय छोट्या युनिटकडे नसते.

सगळ्यात त्रासदायक बाब म्हणजे लॉटमधला फरक. एका पुरवठादाराकडून लागोपाठ आलेल्या दोन लॉटचे क्युअर टाइम इतके वेगळे निघाले की एकच फॉर्म्युला दोन्हींना चालेना. रंग सारखाच, वासही सारखाच. रंगावरून काहीच कळत नाही. म्हणून ऑर्डर देताना चार गोष्टी लेखी मागतो: नायट्रोजन, व्होलाटाइल मॅटर (तापवल्यावर उडून जाणारा भाग, मुख्यतः ओलावा), राख आणि पीआरआय (उष्णतेत रबर किती टिकतं याचा आकडा). मूळ चिकात टीएमटीडी होतं का, हेही विचारतो. प्रामाणिक विक्रेता सांगतो. माल आल्यावर प्रत्येक लॉटची छोटी बॅच करून रिओमीटरवर लावतो आणि त्या आलेखाप्रमाणे सीबीएस ठरवतो. स्वतःचा रिओमीटर नसेल तर बाहेरच्या लॅबमधून करून घ्या, पैसे वाया जात नाहीत. नवीन विक्रेत्याकडून आम्ही आधी एकच गाठ मागवतो, आणि तिचा आलेख हातात आल्याशिवाय पुढचा माल भरायला सांगत नाही.