कवितांचा डबा: नऊ महिने वापरल्यावर

कवितावाचनाची रेकॉर्डिंग ऐकवणाऱ्या या डब्याला मार्चमध्ये चार स्टार दिले होते, सप्टेंबरात एकावर आणले, आता पुन्हा लिहायला बसलोय. ब्लूटूथ, एफएम, बॅटरी किती तास चालते हे सगळं तुम्ही इतरत्र वाचलं असेलच, त्यात शिरत नाही. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाची सवलत धरून २,८९० रुपयांना हा कवितावाचनाने भरलेला डबा आईसाठी घेतला. आई ८३ वर्षांची. डोळ्यांचा मॅक्युला गेला, तेव्हापासून वाचन बंद. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, जुनं उंच छताचं घर, बैठकीत झोपाळा. डब्याला मागे कडी आहे, ती झोपाळ्याच्या साखळीत अडकवली आणि आई खूश. ते चार स्टार तेव्हाचे.

आता मुख्य तक्रार. दोन कवितांच्या मध्ये हा डबा फक्त दीड सेकंद थांबतो. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर एकवीस वेळा मोजलंय. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, क्वालिटी कंट्रोलला पस्तीस वर्षं काढली, हाताला सवय आहे. कधी १.४, कधी १.६, दोन कधीच नाही. गाण्यांच्या डब्याला एवढं चालून जातं, कारण गाण्याच्या आधी वाद्यं वाजतात, माणसाला सावरायला वेळ मिळतो. कविता एकदम तोंडावर येते.

त्यात क्रम अकारविल्हे लावलेला. यशवंतांची 'आई' तुम्हाला माहीत असेलच, आई नसलेल्या लेकराचं गाऱ्हाणं आहे ते. ज्या बाईंनी वाचलीय त्यांना शंभर मार्क, शेवटी आवाज असा खाली नेऊन ठेवलाय की बस. आईने झोपाळा थांबवला, पदर डोळ्यांकडे नेला, आणि तेवढ्यात बालकवी सुरू: 'आनंदी आनंद गडे'! पदर अर्ध्यातच राहिला. दुसरा नमुना 'प'चा. मर्ढेकरांचे पिपातले उंदीर मरून पडतात न पडतात तोच कुसुमाग्रजांचं 'पृथ्वीचे प्रेमगीत'. मर्ढेकर स्वतः आकाशवाणीत नोकरीला होते, दोन कार्यक्रमांमध्ये किती थांबायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. आणि त्यांच्याच कवितेची ही गत.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं, दोन ट्रॅकमधलं अंतर डिझाइननुसार आहे. माझ्या खात्यात असं उत्तर देणाऱ्याला मी जागेवरून उठवला असता.

मध्यंतरी एप्रिलात माझं मत जरा निवळलं होतं, ते प्रामाणिकपणे सांगतो. विंदा, बापट आणि पाडगावकर हे तिघं वर्षानुवर्षं गावोगाव एकत्र काव्यवाचन करत हिंडले, तसल्या कार्यक्रमांतलं थोडं रेकॉर्डिंग शेवटच्या फोल्डरमध्ये आहे. खरखर आहे, मागे कोणीतरी सारखं खोकतंय. पण विंदांचा तो ठणठणीत आवाज! आणि कविता संपली की टाळ्या. टाळ्या विरेपर्यंत आठ-दहा सेकंद जातात, तेवढ्यात ऐकणाऱ्याच्या आत काय व्हायचं ते होऊन जातं. स्टुडिओत बसून वाचलेल्या कवितांना ही सोय नाही हे मला त्या टाळ्यांमुळेच कळलं. आठवडाभर आम्ही तेवढंच फोल्डर लावत होतो.

मग आई म्हणाली, जुनं काहीतरी लाव. लावली मोरोपंतांची केकावली. वाचणारे गृहस्थ कोण ते डब्यावर लिहिलेलं नाही, त्यांच्या दृष्टीने बरंच झालं. आईने चार ओळी ऐकल्या आणि विचारलं, "हा बातम्या देतोय का रे?" केकावली पृथ्वी वृत्तात आहे. ओळीत सतरा अक्षरं, आठव्यावर यती, म्हणजे थांबा. आमच्या पिढीकडूनसुद्धा ही श्लोकांची चाल शाळेत घोकून घेतली होती, आईच्या पिढीचं तर विचारूच नका. आईने डबा बंद करायला लावला आणि 'सुसंगति सदा घडो' स्वतः म्हणून दाखवलं, झोपाळ्यावर. एका झोक्यात आठ अक्षरं, पुढच्यात नऊ. साखळी कुईकुई करत होती ती बरोबर यतीवर. छंदोरचनेवर एवढा मोठा ग्रंथ लिहिणारे माधव जूलियन १८९४ साली याच बडोद्यात जन्मले, आणि त्यांच्याच गावात बसून आम्ही वृत्ताची ही कत्तल विकत घेऊन ऐकायची.

वृत्तातली कविता गाऊनच म्हटली पाहिजे असं माझं म्हणणं नाही. रविकिरण मंडळ या कवींच्या गटाने १९२३ नंतर कविता गाण्याची टूम काढली तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. पण जिथे कवीने थांबा ठेवलाय तिथे तरी थांबा की.

बहिणाबाईंचं वाचन थोडक्यात: 'मानूस'चा 'माणूस' करून, सगळे उच्चार धुऊन-पुसून घेतलेत. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या म्हणायच्या आणि घरातली मुलं उतरवून घ्यायची, पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ मध्ये. जी कविता मुळात तोंडातून आली तिचंच तोंड बदललं. असो.

निवडीबद्दल आईची वेगळी तक्रार आहे, तीही नोंदवतो, नाहीतर घरात ऐकून घ्यावं लागेल. डब्यावर पाचशे कविता छापलंय, मोजल्यावर ४६३ भरल्या. त्यात तांब्यांच्या अकरा. ते ग्वाल्हेरचे राजकवी, हरकत नाही. पण बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर, त्यांची एकही नाही. मी म्हटलं, अगं यशवंतही बडोद्याचे राजकवीच होते, त्यांची आहे ना. त्यावर आई: "ते पुण्याचे." विषय संपला.

७ सप्टेंबरला डबा चार्ज होईना. वॉरंटी सहा महिन्यांची, म्हणजे अकरा दिवसांपूर्वी संपलेली. कस्टमर केअरला फोन केला तर हिंदीत रेकॉर्ड केलेल्या बाई, मग संगीत, मग पुन्हा बाई. गंमत बघा, त्या बाई दोन वाक्यांच्या मध्ये चांगल्या चार सेकंद थांबतात. सहाव्या फोनला माणूस भेटला. म्हणाला, स्वखर्चाने कुरियर करा, तपासणीचे ६४० रुपये आधी भरा, दुरुस्तीचे नंतर सांगू. मी म्हटलं, अकरा दिवसांचा प्रश्न आहे हो, थोडं समजून घ्या. तर म्हणे सिस्टिम घेत नाही. त्या दिवशी एक स्टार दिला आणि डबा कपाटावर टाकला.

आईने आठ दिवस काही म्हटलं नाही. मग एका संध्याकाळी झोपाळ्यावर बसून तिने साखळीवर हात फिरवून कडी चाचपली. डबा तिथे नाही हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मरीमाताच्या खांचात (खांचा म्हणजे गल्ली) गेलो. मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराने खालच्या रबरी पायांखालचे चार स्क्रू काढले, भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "काका, आमां कंई नथी, खाली चार्जिंगनी पिन गई छे." म्हणजे फक्त चार्जिंगची पिन गेलीय. जुन्या बारीक पिनेच्या जागी टाइप-सी बसवली, १२० रुपये. ६४० नुसत्या तपासणीचे, लक्षात घ्या. आणि उघडलेल्या डब्यात मला काय दिसलं? गोंदाने चिकटवलेलं एक साधं सोळा जीबीचं मेमरी कार्ड. म्हणजे तो गॅप 'डिझाइननुसार' वगैरे काही नाही, एकापुढे एक एमपीथ्री फाइली ठेवल्यात फक्त. गोंद खरवडून कार्ड काढून घेतलं. पोराला वीस रुपये जास्त देत होतो, घेतले नाहीत.

भाची इंजिनिअरिंगला आहे. तिला कार्ड दिलं आणि म्हटलं, प्रत्येक कवितेच्या शेवटी शांतता जोडता येईल का? ती हसली, पण रविवारी लॅपटॉप घेऊन आली. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एकदा सांगून ठेवलं की ते सगळ्या फाइलींना ओळीने तेच करतं. आधी मूळ कार्डाची नक्कल काढून ठेवली, हे विसरू नका. चहा आणि शेव-उसळ होईपर्यंत ४६३ कवितांना बारा-बारा सेकंद जोडून झाले. जाता जाता तिने 'आनंदी आनंद गडे'चं नाव बदलून ती फाइल 'ह'च्या पुढे टाकली.

एवढं झाल्यावर मी साडेतीन स्टारवर आलोय. अर्धा वाचणाऱ्या बाईंचा, एक विंदांचा, दोन खांचातल्या पोराचे. कंपनीचा एकही धरू नये. घ्यायचा असेल तर असं करा: वॉरंटी संपायच्या आत चार्जिंगचं तोंड तपासा आणि कार्ड स्वतः उघडून बघायची तयारी ठेवा. माझ्यासारखं पैसे मोजून घेऊन कपाटावर टाकू नका.

एक राहिलं. बारा सेकंद जोडल्यावर पहिल्याच कवितेनंतर आई म्हणाली, "परत बिघडला का रे?" म्हटलं नाही, तुझ्यासाठी मुद्दाम थांबवलाय. तिने ऐकून घेतलं, पाय जमिनीला लावून झोका दिला आणि म्हणाली, "एवढं नको. तीन झोके बास." टेप काढून साखळी मोजली, छताच्या कडीपासून बसायच्या फळीपर्यंत सव्वादोन मीटर. एवढ्या लांबीला जाऊन-येऊन एक झोका तीन सेकंदांचा. म्हणजे कंपनीने आम्हाला अर्धा झोका दिला होता, झोपाळा नुसता पुढे जायचा आणि मागे फिरायच्या आत दुसरी कविता.

पुढच्या रविवारी भाचीला परत बोलावलंय. नऊ सेकंद करायचे आहेत.