११ वर्षं उभी असलेली पद्मिनी आणि उद्यमनगरातले मामा

पप्पांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्या भाषेत फियाट. २०१३ मध्ये शेडमध्ये लावली ती तशीच राहिली, वर ताडपत्री, आत उंदरांचा संसार. मागच्या वर्षी डोक्यात आलं की आता चालू करायचीच. आधी घराजवळच्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं तर तो गडी नवी बॅटरी लावून डायरेक्ट सेल्फ मारायला निघाला होता, टाकीत ११ वर्षांपूर्वीचं पेट्रोल तसंच असताना. म्हटलं बाबा थांब, चहा पी आणि जा.

मग मित्राने कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरातल्या या मेकॅनिक मामांकडे पाठवलं. मी म्हटलं मामा, आवाज तरी ऐकवा एकदा तिचा. तर म्हणाले, "चालू कवाबी हुईल, आधी थांबायला शिकवू तिला." पहिले तीन आठवडे इंजिनला हात नाही, नुसते ब्रेक. मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण ड्रम (चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा डबा) काढल्यावर बघितलं तर दोन चाकांचे व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेक दाबणारे छोटे पंप, गंजून जाम, रबरी होज आतून फुगलेले आणि ब्रेक ऑइल चहासारखं काळपट झालेलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि मग आतून गंज धरतो हे मला तिथेच कळलं. चारही चाकांना ड्रमच आहेत, ते लेथवर मारून घेतले (उद्यमनगरात असल्याचा फायदा, दोन गल्ल्या सोडून लेथ), नवे लायनर, मास्टर सिलिंडरला नवं किट, होज सगळे नवे.

टायरवरून तर आमचं भांडणच झालं, कारण नक्षी शाबूत होती आणि मला पैसे वाचवायचे होते. मामांनी साइडला टॉर्च मारून बारीक चिरा दाखवल्या आणि म्हणाले टायरवरचा आकडा वाच. ३८०९, म्हणजे २००९ सालचा ३८वा आठवडा. गप्प बसलो, पाच टायर घेतले.

इंजिनचं काम बघायला मात्र मी सुट्टी टाकून गेलो. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडून तीन दिवस तसंच ठेवलं, मग टॉप गियर टाकून गाडी हाताने पुढे मागे ढकलली, इंजिन मोकळं फिरतंय म्हटल्यावरच पुढचं. टाकी खाली उतरवली तर वार्निशचा वास आणि तळाला गंजाचा गाळ. कार्बोरेटर पूर्ण खोलून जेट साफ केले, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम नवा, पेट्रोलचे पाइप पण सगळे नवे, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते खातं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं अख्खं घरटं निघालं, वायरिंगचं तर विचारूच नका. पहिल्यांदा चालू केली तेव्हा टाकी जोडलीच नव्हती, बाटलीतून पेट्रोल दिलं आणि गॅरेजमधलं पोरगं शेजारी आग विझवायचा सिलिंडर धरून उभं. चौथ्या सेल्फला लागली. अर्धा तास चालवून इंजिनमधलं ऑइल काढून टाकलं, मग चांगलं भरलं. पप्पा बाहेर स्टुलावर बसलेले, काही बोलले नाहीत, नुसतं बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

आता तक्रारी. तीन आठवडे सांगितले आणि लागले अडीच महिने. फोन उचलत नाहीत, स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. ४० हजारांचा अंदाज होता, टायर धरून ६८ झाले आणि बिल म्हणजे वहीचं फाटलेलं पान! अर्थात काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत दिला त्यामुळे फसवलं असं म्हणवत नाही. कागदपत्रांचं ते काहीच बघत नाहीत, आरसीचं रिन्यूअल, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी सगळं आपण धावायचं, आणि व्हिंटेज म्हणून नोंदवू म्हणाल तर त्याला गाडी ५० वर्षांची लागते. कागद होईपर्यंत ट्रायल एका ओळखीच्या कारखान्याच्या आवारातच घेतली.

नंतर १०० किलोमीटर झाल्यावर परत बोलावून ब्रेक ॲडजस्ट केले, नटबोल्ट आवळले, त्याचे पैसे घेतले नाहीत. मे महिन्यात पन्हाळा चढताना एकदा बंद पडली, पंप तापून पेट्रोल ओढेना. पप्पांनी निवांत ओला टॉवेल पंपावर टाकला, दहा मिनिटांत चालू. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग फियाट हाय ती, टॉवेल ठेवायचाच गाडीत."

पाचपैकी चार स्टार, एक फोनसाठी कापला. नंबर टाकत नाही, टाकून उपयोग नाही. उद्यमनगरात फियाटवाले मामा कुठे म्हणून विचारा, आणि संध्याकाळी पाचनंतर जा, त्याआधी गाडीखाली असतात.