'नेव्हरमाइंड' की 'इन युटेरो' : एकच रेकॉर्ड घ्यायची असेल तर

भाच्याने पहिल्या पगारातून रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि त्याच रात्री मला फोन केला. "मामा, निर्वानाची एकच रेकॉर्ड परवडणारे. 'नेव्हरमाइंड' घेऊ की 'इन युटेरो'?" मी उलट विचारलं, "ऐकणार कुठे आणि कशावर?" त्याला वाटलं मी उत्तर टाळतोय. पण या दोन अल्बममधली निवड ठरते ती याच प्रश्नावर.

निर्वाना हा अमेरिकन रॉक बँड. माणसं दोन्हीकडे तीच. कर्ट कोबेनची गिटार आणि गळा, क्रिस्ट नोव्होसेलिकचा बेस, डेव्ह ग्रोलचे ड्रम. दोन्हीत 12-12 गाणी, दोन्हींची लांबी चाळीस-बेचाळीस मिनिटं. एक सप्टेंबर 1991 मध्ये आला, दुसरा सप्टेंबर 1993 मध्ये. तरी एकापाठोपाठ एक लावले तर वाटतं, त्याच घरात शिरलो खरे, पण या वेळी मागच्या दाराने.

'नेव्हरमाइंड' 1991 च्या मे-जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागातल्या साउंड सिटी स्टुडिओत रेकॉर्ड झाला. निर्माता होता बुच विग. थरावर थर रचून गाणं भरदार करायची त्याची पद्धत. कोबेनला ते पटत नसे. स्वतःच्याच आवाजावर दुसऱ्यांदा आवाज चढवणं त्याला लबाडी वाटायची. विगने त्याला सांगितलं की जॉन लेननही असंच करायचा. कोबेन बीटल्सचा भक्त, मग तो तयार झाला. 'ड्रेन यू' नीट ऐका. त्यात गिटारीचे इतके पदर आहेत की मोजताना चुकायला होतं, आणि मधल्या भागात चक्क दाबल्यावर चूं चूं करणारं खेळणं वाजतं. शेवटचं मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे टिपलेले आवाज एकत्र जुळवण्याचं काम, अँडी वॉलेसकडे गेलं. स्लेयर या मेटल बँडचं त्याचं काम आवडल्यामुळे त्याला निवडलं होतं. त्याने प्रत्येक वाद्य लखलखीत केलं आणि ड्रमना हवा तेवढा घुमारा दिला.

त्याचं फळ सगळ्या जगाने पाहिलं. रेकॉर्ड कंपनीने अमेरिकेत सुरुवातीला जेमतेम 46 हजार प्रती बाजारात पाठवल्या होत्या. 11 जानेवारी 1992 च्या बिलबोर्ड यादीत, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या क्रमवारीत, हा अल्बम मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ढकलून पहिल्या क्रमांकावर बसला. पुढे जगभरात तीन कोटींच्या आसपास प्रती खपल्या. यातलं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' हे गाणं तुम्ही ऐकलंच असणार, ऐकायचं न ठरवताही. कोबेनला मात्र नंतर या चकचकीतपणाची लाज वाटू लागली आणि तो ते उघडपणे बोलत असे. मला त्याचं म्हणणं कळतं, पण पटत नाही. हा चकचकीतपणा होता म्हणूनच ही गाणी जिथे पोचायची नाहीत तिथे पोचली.

आणि याच अल्बमच्या शेवटी 'समथिंग इन द वे' आहे. स्टुडिओत सगळ्यांनी मिळून वाजवताना हे गाणं काही जमेना. कोबेन कंट्रोल रूममध्ये आला, कोचावर आडवा पडला आणि गाणं कसं असायला हवं ते जवळपास कुजबुजत ऐकवू लागला. विगने एसी बंद केला, फोनची वायर काढली, माइक जवळ आणले आणि तिथेच रेकॉर्डिंग केलं. गिटारीला पाचच तारा, त्याही सुरात नाहीत. पुढे चेलो वाजवणाऱ्याला त्या उतरलेल्या तारांशी जुळवून घेता घेता नाकी नऊ आले. बेस आणि ड्रम नंतर, अगदी हलक्या हाताने भरले गेले. पुढच्या अल्बमची चाहूल मला इथेच लागते.

'इन युटेरो'साठी बँड फेब्रुवारी 1993 मध्ये मिनेसोटातल्या कॅनन फॉल्स या लहानशा गावाजवळ पॅकिडर्म स्टुडिओत गेला. भर थंडी, आणि कुणाला पत्ता लागू नये म्हणून आरक्षण खोट्या नावाने. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी. त्याला स्वतःला निर्माता म्हणवून घेणं आवडत नसे. त्याने एक लाख डॉलर एकरकमी घेतले आणि विक्रीतला वाटा नाकारला. प्लंबरला जसे कामाचे पैसे देतात तसे मला द्या, असं त्याने बँडला पत्रात लिहिलं होतं. तो वाटा घेतला असता तर त्याचं आयुष्य बदललं असतं. मे 2024 मध्ये तो गेला, तोवर तो या मताशी प्रामाणिक राहिला. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

अल्बिनीने ड्रमभोवती आणि खोलीभर माइक लावले आणि तिघांना एकत्र वाजवायला सांगितलं. 'व्हेरी एप' आणि 'टूरेट्स' या गाण्यांसाठी ड्रम स्वयंपाकघरात मांडले, कारण तिथे आवाज चांगला घुमत होता. कोबेनचं बहुतेक सगळं गायन सहा तासांत आटोपलं. मिक्सिंग धरून अख्खं काम दोन आठवड्यांत संपलं. कंपनीला हे प्रकरण झेपेना. वाद झाले, ते वर्तमानपत्रांपर्यंत गेले, आणि शेवटी 'हार्ट-शेप्ड बॉक्स' व 'ऑल अपॉलॉजीज' या दोन गाण्यांचं मिक्सिंग स्कॉट लिट या दुसऱ्या निर्मात्याकडून नव्याने करून घेतलं. तरीही अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर आला.

आता निवडीकडे. फोनच्या स्पीकरवर, बसमध्ये, इअरफोनवर 'नेव्हरमाइंड' तगतो. तो रेडिओसाठीच घडवला आहे, चार इंचांच्या स्पीकरमधूनही त्याचं अंग दिसतं. 'इन युटेरो' फोनवर लावला तर नुसता कर्कश वाटतो आणि लोक दोन गाण्यांत बंद करतात. पण तोच अल्बम बऱ्यापैकी स्पीकरवर, बंद खोलीत, जरा मोठ्या आवाजात लावून पाहा. 'सर्व्ह द सर्व्हंट्स' सुरू होण्याआधी ग्रोलच्या स्टिकांची टकटक येते आणि मग गिटारीची एक बेसूर कॉर्ड (एकदम छेडलेले अनेक सूर) अंगावर आदळते. 'सेंटलेस अप्रेंटिस'मधले ड्रम ऐकताना त्या खोलीच्या भिंती किती लांब आहेत हे कळतं. म्हणून भाच्याला सांगितलं : 'नेव्हरमाइंड' तुझ्या फोनवर आहेच, तो तिथे सुखाने राहू दे. रेकॉर्ड घे ती 'इन युटेरो'ची.

घरात तान्हं बाळ असेल, भिंतीपलीकडे शेजारी झोपत असतील, तर मात्र माझा सल्ला उलटा. हळू आवाजात 'इन युटेरो' लावणं म्हणजे त्यातला निम्मा अल्बम फेकून देणं. गिटारीचा गोंगाट ज्यांनी कधी ऐकलेलाच नाही, त्यांनीही 'नेव्हरमाइंड'पासूनच सुरुवात करावी.

एका कारणाने मात्र निवडू नका. कोबेनने एप्रिल 1994 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी आत्महत्या केली. तेव्हापासून 'नेव्हरमाइंड' म्हणजे उमेद आणि 'इन युटेरो' म्हणजे निरोपाची चिठ्ठी असं सांगायची पद्धत पडली आहे. मला हे फार खटकतं. 'ऑल अपॉलॉजीज'चं कच्चं रेकॉर्डिंग 1 जानेवारी 1991 ला, म्हणजे 'नेव्हरमाइंड'च्याही आधी झालेलं आहे. 'डम्ब' तर 1990 मध्येच रेडिओवर वाजवून झालं होतं. दोन्ही अल्बममधली कितीतरी गाणी एकाच काळात, एकाच हाताने लिहिलेली आहेत. बदलली ती खोली, आणि खोलीतला आवाज टिपणारा माणूस. कीर्ती, आजारपण, शरीर, बापाशी असलेलं वैर हे विषय 'इन युटेरो'त जास्त उघडे आहेत, हे खरं. एका गाण्याच्या नावातच बलात्कार आहे. गाणं त्याच्या विरोधातलं आहे, पण अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळ्यांसाठी ते नाव वेष्टनावर बदलावं लागलं होतं.

घेताना कुठली आवृत्ती हेही बघा. 2013 मध्ये 'इन युटेरो'च्या विसाव्या वर्षानिमित्त अल्बिनीने त्या अख्ख्या अल्बमचं नवं मिक्सिंग केलं. ते ऐकण्यासारखं आहे, पण काही ठिकाणी कानाला ओळखीचे सोलोच (एकट्या गिटारीचे तुकडे) वेगळे लागतात, त्यामुळे पहिल्यांदा घेताना 1993 चीच घ्या. 'नेव्हरमाइंड'च्या 2011 च्या मोठ्या संचात वॉलेसच्या आधीचं विगचं स्वतःचं मिक्सिंगही आहे. ते जास्त कोरडं आणि राकट आहे. भाच्याने दोन्ही ऐकून झाल्यावर त्यातलं 'ब्रीड' शोधून ऐकावं असं मी त्याला सांगितलंय.