शॉवरला लावलेल्या डबीने बोअरचं पाणी मऊ होत नाही

उन्हाळा चढला, टँकरच्या फेऱ्या वाढल्या की ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये क्लबहाउसच्या दाराशी एक टेबल लागतं. टेबलावर चकचकीत शॉवर फिल्टर, काचेचे दोन ग्लास, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनासारखं टीडीएस मीटर आणि मागे बॅनर: 'केस राठ झालेत? दोष तुमच्या पाण्याचा.' बायका थांबतात, कारण तक्रार खरी असते. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुतलेले केस ओले असताना चिकट लागतात आणि वाळले की फुगून झाडूसारखे होतात. दुखणं खरं सांगायचं आणि औषध खोटं विकायचं, असा हा धंदा आहे.

तिथल्याच कासारवडवलीच्या एका कुटुंबाने अशी डबी, म्हणजे हा शॉवर फिल्टर, ३,४९९ रुपयांना घेतली. दर तीन महिन्यांनी ९९९ रुपयांचं रिफिल. तीन आठवड्यांत डबीच्या खाली असलेल्या शॉवरच्या जाळीवर पांढरा थर धरला. म्हणजे डबीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जसेच्या तसे होते. केसही तसेच राहिले. विक्रेत्याला फोन केला तर त्याचं उत्तर: 'केस बरे व्हायला सहा महिने लागतात, रिफिल चुकवू नका.'

टेबलावर जे प्रयोग दाखवतात ते नीट समजून घ्या, कारण माणूस पैसे काढतो ते प्रयोग बघून. पहिला प्रयोग लोखंडी सळ्यांचा. दोन ग्लास, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात 'फिल्टरचं'. दोन्हींत सळ्या बुडवून वीज सोडतात. नळाच्या पाण्यात मिनिटभरात तपकिरी गाळ उठतो, दुसरं पाणी स्वच्छ राहतं. तो गाळ पाण्यातली घाण नसते. विजेमुळे सळीचंच लोखंड झिजून त्याचा गंज तयार होतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि गंज सुटतो, मग पाणी पिण्यालायक असलं तरीही. दुसऱ्या ग्लासात आरओचं पाणी असतं. त्यात क्षार नगण्य, वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं.

दुसरा प्रयोग पिवळ्या थेंबांचा. थेंब टाकले की नळाचं पाणी पिवळं होतं, डबीतून आलेलं होत नाही. हा प्रयोग खरा आहे, पण तो क्लोरीनचा आहे. डबीतला कोळसा थोडा क्लोरीन धरतो, बस. क्षारांशी याचा काही संबंध नाही. मग तुम्हाला नळाच्या ताज्या पाण्यात बोटं बुडवायला लावतात, पुन्हा थेंब टाकतात आणि रंग येत नाही. 'बघा, तुमच्या त्वचेने क्लोरीन शोषला!' बोटांवरचं तेल, घाम, मळ यांच्याशी क्लोरीनची रासायनिक क्रिया होऊन तो संपतो, एवढंच घडतं. काकडीची फोड बुडवली तरी हेच होईल.

तिसरा प्रयोग टीडीएस मीटरचा. नळाचं पाणी ६०० दाखवतं, फिल्टरचं ४०. आकडा इतका उतरला की लगेच समजावं, ग्लासात आरओचं पाणी आहे. शॉवरची डबी टीडीएस कमी करू शकत नाही. खरा सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, लावला तरी टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, कारण सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं. कोणता क्षार आहे ते त्याला कळत नाही. विक्रेत्याला एकच सांगा: माझ्या बाथरूममध्ये चला, डबी लावा आणि माझ्या बादलीत आकडा उतरवून दाखवा. तो 'आज युनिट सोबत नाही' म्हणेल.

आता डबीच्या आत काय असतं ते बघू. '१५ थरांचा' म्हणून विकलेली डबी उघडली की वर कापसाची चकती, मग रंगीबेरंगी मातीच्या गोळ्या, मूठभर काळा कोळसा, जाळी, पुन्हा गोळ्या. महागड्या डबीत मोहरीएवढे पिवळसर मणीही सापडतात. ते रेझिन. पाणी मऊ करण्याची ताकद या सगळ्यात फक्त त्याच मण्यांत आहे, आणि प्रश्न त्यांच्या प्रमाणाचा आहे. एक लिटर रेझिन व्यवहारात साधारण ५० ग्रॅम कठीणपणा (म्हणजे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) धरतं, मग त्याला मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. डबीत फार तर २०० मिली रेझिन मावतं, म्हणजे १० ग्रॅम. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम धरला तर २५ लिटरनंतर रेझिनचं काम संपलं. मोठी बादली २० लिटरची. सव्वा बादली झाली की डबी रिकामी, आणि रिफिल तीन महिन्यांनी! विक्रेत्याने हा हिशोब कधी सांगितलाय का, हे ज्यांनी डबी घेतली त्यांनी आठवून बघावं.

'लिटरला किती' हा आकडा आधी स्वतः मोजावा, आणि ते अवघड नाही. मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानात कठीणपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं. ठरलेल्या मापाच्या पाण्यात थेंब मोजत टाकायचे, रंग पूर्ण बदलला की थांबायचं. बहुतेक किटांत ५ मिली पाण्याला एक थेंब म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. वाशी-नेरुळकडे नवी मुंबई महापालिकेच्या मोरबे धरणाचं पाणी येतं. धरणाचं पाणी सहसा मऊच असतं. तिथे कोणी 'हार्ड वॉटर'च्या नावाने डबी विकत असेल तर आधी थेंब टाकून बघा. केस राठ होण्याचं कारण बहुधा रंग, स्ट्रेटनिंग किंवा रोजचा ड्रायर हेच निघेल.

घोडबंदरला बऱ्याच मोठ्या सोसायट्यांच्या पंपरूममध्ये सॉफ्टनर आधीच बसवलेला असतो, रहिवाशांना माहीत नसतो. तिथे जाऊन एकच विचारा: मीठ शेवटचं कधी टाकलं? १०० लिटर रेझिनचा प्लांट वर धरलेल्या ४०० मिलिग्रॅम कठीणपणाचं सुमारे साडेबारा हजार लिटर पाणी मऊ करतो. म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरमागे जवळपास एकदा रेझिन मिठाच्या पाण्याने धुवायला हवं, आणि एका वेळेला मीठ १५ किलोच्या आसपास. दिवसाला चार टँकर येत असतील आणि महिन्याला मिठाची दोन पोती येत असतील, तर प्लांट नावापुरता चालतोय. सभेत हा विषय मांडणं डबी घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि फायदा सगळ्या इमारतीला होतो.

प्लांट सुधारेपर्यंत घरी केसांसाठी पुष्कळ करता येतं. डोक्याला अंगाचा साबण अजिबात नको. कॅल्शियम आणि साबण मिळून जो चिकट चोथा बनतो, तोच केसांवर बसतो. शॅम्पूचा असा चोथा होत नाही. धुण्याआधी तासभर दोन चहाचे चमचे खोबरेल केसांच्या लांबीला लावा. खोबरेल केसात शिरतं, त्यामुळे धुताना केस पाणी पिऊन कमी फुगतो आणि त्यातलं प्रथिन कमी निघून जातं. शॅम्पू मगात दहापट पाण्यात कालवून फक्त टाळूला लावा. कंडिशनर कानाच्या खाली टोकांपर्यंत, दोन-तीन मिनिटं, आणि तो केसात असतानाच मोठ्या दातांचा कंगवा फिरवा. शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको. एक-दीड लिटर आरओचं पाणी तांब्याने हळूहळू ओता. आरओच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी काही घरांत अंघोळीसाठी साठवतात, ते केसांवर घालू नका. त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त असतात.

केसांवर आधीच बसलेला थर काढायला आठवड्यातून एकदा, शॅम्पूनंतर, लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर मिसळून ओता, मिनिटभराने धुवा. टाळूवर जखम किंवा पुरळ असेल तर हे टाळा. व्हिनेगर न मिसळता थेट लावलं तर टाळू भाजल्यासारखी होते. केस रंगवलेले नसतील तर पंधरवड्यातून एकदा कीलेटिंग, म्हणजे क्षार धरून काढणारा, शॅम्पू वापरा. घटकांत ईडीटीए असं नाव असतं, पण साध्या शॅम्पूतही ते चिमूटभर असतं, म्हणून बाटलीवर क्षार काढण्यासाठी आहे असं लिहिलेलं बघून घ्या. धुतल्यावर जाड टॉवेलने घासू नका, जुन्या सुती पंचाने दाबून पाणी टिपा. पावसाळ्यात ग्लिसरीन जास्त असलेलं सीरम दमट हवेतला ओलावा ओढतं आणि केस आणखी फुगतात. तेव्हा सिलिकॉनचं सीरम, ओल्या केसाला दोन थेंब, पुरे.

केस मुळापासून गळत असतील तर मात्र पाण्यामागे धावू नका. थायरॉईड, लोहाची कमतरता, बाळंतपणानंतरचे महिने, आनुवंशिकता, ही कारणं डॉक्टरच तपासू शकतात. बॅनरवर 'केसगळती थांबते' लिहिलेलं असेल तर तिथे एक मिनिट घालवू नये.

पैसे दिलेच असतील तर हातात पुरावा असताना हालचाल करा. किटने डबीच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मोजा, थेंब मोजताना व्हिडिओ काढा. जाळीवरच्या पांढऱ्या थराचा फोटो काढा, बॅनरचा मिळाला तर उत्तम. पैसे कुठल्या नावाने गेले ते यूपीआयच्या पावतीवर असतं, आणि ते नाव बॅनरवरच्या नावाहून बरेचदा वेगळं निघतं. तेही लिहून ठेवा. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे परत आले नाहीत तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. रागाच्या भरात डबी कचऱ्यात टाकू नका. आयोगापुढे टेबलावर ठेवायला तीच लागेल.