वाचन तपासणारं ॲप: हिंदीत पास, मराठीत 'सुधारणा आवश्यक'

ऑटो-पेने पुढच्या वर्षाचे १,४९९ रुपये परस्पर कापले, म्हणून लिहायला बसले. नाहीतर दिवाळीपासून निमूट वापरतच होते.

लेक तिसरीत, इथे इंदूरलाच हिंदी माध्यमात, घरात मराठी. ॲपसमोर मोठ्याने वाचायचं, मग ते मिनिटाला किती शब्द बरोबर ते सांगतं. हिंदीत ती सत्तरीच्या घरात, हिरवा शेरा. मराठीत पन्नाशी गाठताना दमछाक आणि लाल अक्षरांत 'सुधारणा आवश्यक'. सासूबाईंना तर आयतंच मिळालं: "तरी सांगत होते, मराठी सुटणार हिचं."

मी परिच्छेद कागदावर उतरवून शब्द मोजले. 'घरासमोरच्या झाडावर', मराठीत दोन शब्द. तेच हिंदीत 'घर के सामने के पेड़ पर', झाले सहा! आपले प्रत्यय शब्दाला चिकटून, त्यांचे सुटे. ॲप मोजतं नुसत्या मधल्या मोकळ्या जागा. सरकारच्या 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द आहेत, यांनी तो आकडा उचलून दोन्हीकडे डकवला. एनसीईआरटीने २०२२ च्या पाहणीत प्रत्येक भाषेचे निकष वेगळे ठरवले होते, पण ते बघतंय कोण? कस्टमर केअरला उदाहरणासकट सगळं लिहिलं. उत्तर आलं, 'मुलीकडून रोज सराव करून घ्या.' डोकंच फिरलं.

तेव्हा एकच तारा देणार होते. आता तीन देतेय, ते फक्त रेकॉर्डिंगमुळे. पोरगी पूर्णविराम गिळून सुसाट सुटायची, मी सांगून थकले. स्वतःचाच आवाज ऐकला आणि म्हणाली, "आई, मी श्वासच घेत नाहीये!" आता थांबते, प्रश्नाला आवाजही चढवते. गंमत म्हणजे ॲप यातलं काहीच मोजत नाही.

मराठीचा वेग मी घरीच बघते. गोष्टीच्या पानाची झेरॉक्स, फोनवर एक मिनिट. चुकलेल्या शब्दावर काट. तीन सेकंद अडली तर शब्द सांगायचा आणि चूक धरायची. तिने आपणहून लगेच सुधारला तर बरोबर. मग गोष्टीत काय झालं ते विचारायचं, नाहीतर नुसती पोपटपंची. तुलना तिच्याच मागच्या महिन्याच्या मराठी आकड्याशी, हिंदीशी नाही. खर्च झेरॉक्सचा.

ऑटो-पे बंद केलंय. पैसे परत मागितले, तर 'विनंती प्रक्रियेत आहे' एवढंच येतंय. तुमचं सुरू असेल तर आजच बघून घ्या.