तुमची भाषा कोणती, हे कोणतं ॲप नीट विचारतं? विदर्भाच्या खेड्यातून पाहिलेली पाच ठिकाणं

भाषा शिकायच्या कुठल्याही ॲपमध्ये शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: मातृभाषा कोणती? पुण्याच्या माणसाला उत्तर द्यायला दोन सेकंद लागतात. धारणीकडच्या गावात घरी कोरकू, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी चालते. झरी-जामणीकडे घरात कोलामी, भामरागडला माडिया. अकोला-अमरावतीत मराठीच, पण 'मले-तुले'वाली. चौकट मात्र सगळ्यांना एकच.

ती शोभेची नाही. सरावाला जोडीदार कोण मिळणार, तुमचं वाक्य कोण दुरुस्त करणार आणि तुम्ही केलेल्या दुरुस्तीवर समोरचा किती भरवसा ठेवणार, हे तिच्यावरून ठरतं. म्हणून हॅलोटॉक आणि टँडम (जोडीदार शोधून गप्पांतून भाषा शिकायची ॲप), टाटोएबा, विकिपीडियावरची बेबल पेटी (सदस्याला कुठली भाषा किती येते ते दाखवणारी) आणि डिस्कॉर्ड (गटांत गप्पा मारायचं ॲप) या पाच ठिकाणी भाषा आणि पातळी कशी दाखवतात, तेवढंच इथे तपासलं आहे. पैसे किती लागतात, शिकवतात कसं, तो वेगळा विषय.

हॅलोटॉक फोनवर सगळ्यात सोपं. नावाखाली मातृभाषेची दोन अक्षरं, शिकायच्या भाषेची दोन अक्षरं आणि पातळीच्या पट्ट्या. कोणाशी बोलायचं हे यादी सरकवता सरकवता ठरवता येतं. दुरुस्तीची सोयही झकास: समोरच्याचा मेसेज दाबून धरायचा, दुरुस्ती निवडायची, चुकीचा भाग लाल आणि बरोबर भाग हिरवा होऊन जातो. घोळ इथेच आहे. समजा, नागपूरकडच्या जोडीदाराकडून शिकलेल्या परदेशी मुलीनं लिहिलं, 'मी जेवून राहिली आहे'. मराठी मातृभाषा असलेल्या दुसऱ्या कोणी त्यावर लाल रेघ ओढली आणि हिरव्यात 'मी जेवते आहे' लिहिलं. दोघांच्या नावाखाली अक्षरं तीच. कोणाचं ऐकायचं हे त्या मुलीला कळायला मार्ग नाही, कारण बोली लिहायला त्या पट्टीत जागाच नाही. ती परिचयात लिहावी लागते, आणि परिचय उघडून वाचतो कोण?

टँडमनं एक गोष्ट हुशारीनं केली आहे. मातृभाषा, अस्खलित बोलता येणारी भाषा आणि शिकायची भाषा असे तीन वेगळे रकाने आहेत. आपल्याकडच्या माणसासाठी मधला रकाना सोन्यासारखा. हिंदी आपल्याला अडत नाही, पण ती मातृभाषा नाही. हिंदी शिकणारे जास्त आणि मराठी शिकणारे थोडे, म्हणून बरेच जण हिंदीवर मातृभाषेची खूण करून मोकळे होतात. मग समोरच्याच्या हिंदीत 'मेरेको', 'तेरेको' आणि मराठी वळणाची लिंगं जातात. मराठीत आवाज पुल्लिंगी आणि हिंदीतही आवाज, पण तिथे तो स्त्रीलिंगी. ही चूक वर्षानुवर्षं हिंदी बोलणाऱ्याच्याही कानाला खटकत नाही. तेव्हा हिंदी मधल्या रकान्यात टाकायची. जोडीदार थोडे कमी मिळतील, पण मिळतील ते खरं काय ते समजून मिळतील.

आता टाटोएबा. हे बोलायचं ॲप नव्हे, वाक्यांचा आणि त्यांच्या भाषांतरांचा उघडा संग्रह आहे. २००६ साली सुरू झाला, नाव जपानी, अर्थ 'उदाहरणार्थ'. दिसायला साधा, पानं हलकी, त्यामुळे रेंज एका काडीवर असली तरी उघडतो. भाषा दाखवण्याच्या बाबतीत हा आमच्या मते पाचांत पहिला. प्रोफाइलमध्ये भाषा जोडताना ० ते ५ अशी पातळी द्यायची असते. ५ म्हणजे मातृभाषेइतकी, ० म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पातळी सांगायची नसेल तर तसंही ठेवता येतं. शिवाय खाली तपशिलाची मोकळी ओळ आहे, आणि बोली किंवा प्रदेश लिहायला ती मुद्दाम दिली आहे. तिथे 'वऱ्हाडी, अमरावतीकडची. शाळेत प्रमाण मराठी' एवढं लिहिलं की हॅलोटॉकवरचा लाल-हिरव्याचा घोळ इथे उरत नाही.

पण या ५ ला वजन आहे. शोधताना 'स्वतःला मातृभाषक म्हणवणाऱ्यांची वाक्यं' अशी चाळणी लावता येते आणि ती याच आकड्यावर चालते. हिंदीला उगाच ५ दिले की तुमची 'मेरेको' छापाची वाक्यं त्या चाळणीतून सुखरूप खाली उतरतात. संग्रह सगळ्यांना उतरवून घ्यायला खुला आहे, त्यामुळे ती कोणाच्या पाठांतराच्या कार्डांत जातील याचा नेम नाही. उलट बाजूही पाहा: तुम्ही मराठीची पातळी भरलीच नाही, तर तुमची चांगली वाक्यंही चाळणीत अडकतात. बेवारस, म्हणजे कोणाच्याच नावावर नसलेल्या वाक्यांचं तेच होतं. तसं बरोबर वाक्य दिसलं तर ते दत्तक घ्यायचं, की तुमची पातळी त्याला लागू होते.

विकिपीडियाची बेबल पेटी जुनी आणि चिवट. आपल्या सदस्य पानाचा स्रोत उघडायचा, दोन महिरपी कंस, हॅशची खूण, बेबल हा शब्द, अपूर्णविराम, मग भाषांचे कोड उभ्या रेघेनं वेगळे करत लिहायचे. मराठीचा कोड एम-आर, हिंदीचा एच-आय, इंग्रजीचा ई-एन. नुसता कोड लिहिला तर मातृभाषा. पुढे जोडरेघ आणि अंक दिला तर पातळी: १ जुजबी, २ मध्यम, ३ प्रगत, ४ मातृभाषेच्या जवळ, ५ व्यावसायिक. चुका बहुधा दोनच होतात. फोन जोडरेघेच्या जागी लांब डॅश टाकतो, किंवा अंक मराठी कीबोर्डवरून पडतो. पेटीला इंग्रजी कीबोर्डवरचे अंक लागतात. सदस्य पान मेटा-विकीवर, म्हणजे सगळ्या विकींच्या सामाईक विकीवर केलं तर जिथे तुमचं वेगळं पान नाही अशा सगळ्या विकींवर तेच दिसतं, पुन्हा पुन्हा लिहावं लागत नाही.

इथला ५ आणि टाटोएबाचा ५ एक नव्हे, हे ध्यानात ठेवा. बेबलमध्ये मातृभाषेला आकडाच नाही. एकीकडचा आकडा उचलून दुसरीकडे टाकला की हिशेब बिघडला.

बेबलचा मोठा गुण म्हणजे ती तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय कोड घेते. वऱ्हाडी-नागपुरीला स्वतंत्र कोड आहे, व्ही-ए-एच. कोरकूचा के-एफ-क्यू, वायव्य कोलामीचा के-एफ-बी, गोंडीचा जी-ओ-एन. पेटीतला मजकूर वऱ्हाडीत येईल अशी आशा मात्र नको. आणि एक मातृभाषा लिहिली की दुसरी पुसावी लागते असंही नाही: कोरकूही, मराठीही, दोन्ही विनाआकडा. धारणीच्या पोराला हवं ते नेमकं हेच.

पातळी कुठली लिहायची यावर सगळीकडेच गोंधळ आहे. बऱ्याच सेवा ए-१ ते सी-२ ही युरोपियन सहा पायऱ्यांची मोजणी वापरतात. ती कौन्सिल ऑफ युरोपनं २००१ साली प्रसिद्ध केली. तुम्हाला भाषेत काय करता येतं ते ती मोजते. तुम्ही कुठे जन्मलात याच्याशी तिला देणंघेणं नाही. २०२० च्या पुरवणी खंडात तर मोजमापातून 'मातृभाषक' हा शब्दच काढून टाकला. म्हणून 'मातृभाषा' आणि 'सी-२' एकाच पट्टीवर लागोपाठ ठेवणारं ॲप दिसलं, की त्याला हा फरक कळलेला नाही असं समजावं.

आपल्याकडे दोन उलट चुका दिसतात. दहा-दहा वर्षं शाळेत इंग्रजी शिकलेली पोरं लाजेपोटी 'नवशिका' निवडतात, आणि मग समोरून सफरचंद-केळीचे शब्द येतात. दुसरीकडे वाचता येतं म्हणून 'प्रगत' निवडलेला माणूस पहिल्याच कॉलला गप्प होतो. वाचन बी-१ आणि बोलणं ए-१ अशी तफावत गावाकडे सर्रास असते. युरोपियन तक्ता ऐकणं, वाचणं, संवाद, सलग बोलणं आणि लिहिणं हे पाच रकाने वेगळे मोजतो, पण ॲप एकच आकडा मागतं. तिथे बोलण्याची पातळी द्यावी, कारण जोडीदार बोलायलाच येतो. अंदाज घ्यायला साधी कसोटी: स्वतःची ओळख पाठ केल्यासारखी सांगता येते, ए-१. बसस्टँडवर गाडी, वेळ, भाडं विचारता येतं, ए-२. यंदा तूर का बसली हे कारणांसकट सांगता येतं, मधे अडखळलात तरी चालेल, बी-१. समोरचा 'पण असं का नाही केलं?' म्हणाला आणि तुम्ही न दमता वाद घालू शकलात, बी-२. दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. एकदा टाकलेला आकडा पुढे कोणी बदलत नाही.

डिस्कॉर्डवर सगळं ॲडमिनच्या हातात, त्यामुळे तिथे सेवेचं परीक्षण करायचं की ॲडमिनचं, हाच प्रश्न. भाषा 'रोल'नं, म्हणजे सदस्याच्या नावाला जोडलेल्या ओळखपट्टीनं दाखवतात. एका सर्व्हरवर, म्हणजे एका गटात, रोल २५० पर्यंतच, म्हणून प्रत्येक भाषा गुणिले प्रत्येक पातळी असा पसारा मांडू नये. मातृभाषा, अस्खलित, शिकतोय एवढे तीन गट पुरे. नावाचा रंग सगळ्यात वरच्या रंगीत रोलचा येतो. शिकणाऱ्याचा रोल चुकून वर राहिला तर मराठी मातृभाषकाचं नावही इंग्रजी शिकणाऱ्याच्या रंगात दिसतं. रोल वाटणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) कामच करत नसेल, तर त्याचा स्वतःचा रोल वाटायच्या रोलच्या खाली बसलेला असतो. ओढून वर न्या. रोलचं नाव घेऊन त्यातल्या सगळ्यांना एकदम हाक मारायची मुभा बंदच ठेवा, नाहीतर 'डोया म्हणजे काय?' या एका प्रश्नानं रात्री अकराला सगळ्या वऱ्हाड्यांचे फोन वाजतात. (ळ चा य होतो. डोया म्हणजे डोळा.)

गावातले बहुतेक सराव गट शेवटी व्हॉट्सॲप नाहीतर टेलिग्रामवरच चालतात, तिथे भाषेची चौकटच नाही. व्हॉट्सॲपवर नाव २५ अक्षरांपर्यंत जातं. नावापुढे 'व५ हिं४ इं२' लिहिलं तरी काम भागतं, फक्त ५ म्हणजे काय हे गटाच्या वर्णनात लिहून ठेवा. टेलिग्रामवर ॲडमिनला १६ अक्षरांची पदवी देता येते. सदस्याला एखादा निरुपद्रवी अधिकार देऊन ॲडमिन करायचं आणि पदवीत भाषा लिहायची. मोजताना काना, मात्रा, वेलांटी, हलन्त आणि मोकळी जागा सगळं धरलं जातं. 'मराठी मातृभाषा' १४ मध्ये बसतं. 'वऱ्हाडी मातृभाषा' बरोबर १६, पण ऱ एका कळीनं आला तरच. र आणि खालचा नुक्ता (टिंब) वेगवेगळे पडले की १७ होऊन शेवटचा काना तुटतो. 'झाडीबोली मातृभाषा' एका अक्षरानं हुकतं. भंडारा-गोंदियावाल्यांनी 'झाडीबोली मायबोली' लिहावं, १६ मध्ये चपखल बसतं.